सव्वा पेन्शन आणि मांजराचे अठराशे

"गुन्हेगार दोन प्रकारचे असतात," दाजी आरशासमोर टाय बांधत म्हणाले. "एक, ज्यांना मी पकडलंय. आणि दुसरे, ज्यांना मी अजून पकडलेलं नाही, पण माझ्या नुसत्या नावानं ज्यांची झोप उडालीय."

पहिल्या प्रकारात आजवर एकही माणूस जमा झालेला नाही, हे मेहुण्याला ठाऊक होतं. दुसऱ्या प्रकाराबद्दल तो खात्रीनं बोलू शकत नव्हता. दाजींमुळे झोप उडालेलं एकच माणूस त्याच्या ओळखीत होतं, ते म्हणजे त्याची ताई, आणि तिची झोप दाजींच्या नावानं नव्हे तर घोरण्यानं उडत असे.

दाजींनी बस डेपोच्या हरवलेल्या सामानाच्या खात्यात उभी हयात काढली होती. नुसत्या छत्रीच्या मुठीवरून आपण मालकाचं वय, धंदा आणि स्वभाव ओळखतो, असं त्यांचं म्हणणं. मग छत्रीचा मालक यायचा, तो भलताच निघायचा, आणि दाजी त्याच्या हातात छत्री देताना त्याच्याकडे संशयानं बघायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी कार्डं छापून घेतली. वर गरुडाचं चित्र हवं होतं, पण छापखान्यात गरुड शिल्लक नव्हता, म्हणून त्यातल्या त्यात रागीट दिसणारा एक कोंबडा घालण्यात आला. खाली लिहिलं होतं, 'खाजगी गुप्तहेर. सूक्ष्म नजर, तीक्ष्ण बुद्धी, माफक दर.' यातला माफक दर तेवढा खरा होता, कारण त्याहून जास्त कोणी देत नसे.

मेहुणा सकाळी एका चपलांच्या दुकानात लोकांच्या पायात बूट चढवायचा आणि दुपारनंतर दाजींचा सहायक असायचा. घरात त्याला 'अरे ए' म्हणत. अशिलासमोर तोच 'माझे सहकारी' व्हायचा. पगाराबद्दल त्यानं एकदा विचारलं होतं, तेव्हा दाजींनी त्याला अनुभवाचं मोल या विषयावर इतकं ऐकवलं की तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

त्या दिवशी बोलावणं आलं होतं लाँड्रीवाल्या मावशींचं. मावशींनी जन्मभर कोपऱ्यावरची लाँड्री एकटीनं चालवली, मुलगी शिकवली, गुडघे बोलायला लागल्यावर दुकान विकलं आणि आता वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एका जाड्या मांजराबरोबर राहत होत्या. मागच्या महिन्यातच दाजी त्यांच्या कॉम्प्युटरचं एक 'किरकोळ तांत्रिक प्रकरण' निकालात काढून आले होते. ते काय होतं हे मेहुण्याला माहीत नव्हतं. तेव्हा त्याला मांजर धरून जिन्यात उभं केलं होतं, आणि त्याच्या मनगटावर त्या प्रकरणाचा पुरावा अजून दिसत होता.

मावशींनी दार उघडलं. एरवी त्या कुणाच्याही शर्टाकडे बघून कॉलर नीट धुतली जात नाही म्हणून सुनवायच्या. आज त्यांनी दाजींच्या कॉलरकडे पाहिलंसुद्धा नाही. मेहुण्याला ते पाहून जरा धसकाच बसला.

"या. आधी हे बघा," त्या म्हणाल्या आणि कॉम्प्युटरसमोर त्यांनी खुर्ची ओढली.

मुलीनं त्यांना घरखर्चाचं एक सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. बँकेची नोंद आपोआप त्यात उतरायची, भाजीबिजी रोखीनं आणलेलं मावशी स्वतः टाकायच्या, आणि सगळं मुलीलाही तिच्या फोनवर दिसायचं. वर्षभर ते गुण्यागोविंदानं चाललं होतं. गेल्या काही आठवड्यांपासून मात्र त्याला वेड लागलं होतं. पडद्यावर लाल अक्षरांत दिसत होतं: मांजराचं खाणं, अठराशे. पाव, अडीचशे. केस कापणं, तीन हजार. आणि त्याखाली, जमा, पेन्शन: सव्वा.

"सव्वा काय?" मेहुण्यानं विचारलं.

"नुसता सव्वा. एक आणि पाव. बाराशे पन्नास येते मला पेन्शन. बँकेत विचारलं तर ते म्हणतात, सगळं जिथल्या तिथं आहे. पण हे म्हणतं सव्वा."

"तीन हजारांचे केस," दाजी मावशींच्या डोक्याभोवती फेरी मारत म्हणाले. "दिसत नाहीत तसे."

"तीसच दिले हो मी! आणि खरी गोष्ट पुढेच आहे." मावशी खुर्चीत बसल्या. "हे सगळं लेकीला दिसतं. ती म्हणते, आई, तुला कुणीतरी लुबाडतंय, नाहीतर तुझं तुलाच उमजेनासं झालंय. मी म्हटलं, अगं, बँकेत पैसे आहेत. तर म्हणते, तेच तर, तुला कळतच नाहीये, मशीन काय खोटं बोलेल का? मुखत्यारपत्र तयार करून ठेवलंय तिनं. या रविवारी येतेय. सही केली की खातं तिच्या हातात, मग या खोल्या विकायच्या आणि मी तिच्याकडे राहायला जायचं. मला कुणाकडून चहासाठी पैसे मागायचे नाहीत हो. चौदाव्या वर्षापासून माझा गल्ला माझ्या हातात आहे."

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि खरं सांगू? आता मलाच भीती वाटायला लागलीय. परवा पाव घेतला तर दुकानदाराला तीनदा विचारलं, अडीच ना, अडीचशे नाही ना? तो हसला."

मेहुण्याच्या घशात काहीतरी अडकलं. या बाईंनी सबंध गल्लीची कापडं कधी अदलाबदल होऊ दिली नव्हती. त्या आता पावाची किंमत तीनदा विचारत होत्या.

दाजींच्या घशात काहीच अडकलं नाही, कारण त्यात बिस्किट होतं. ते गिळून त्यांनी विचारलं, "हे कधीपासून?"

"मागच्या महिन्यात तुम्ही येऊन गेलात ना, त्याच आठवड्यापासून."

दाजी ताडकन उठले. "ऐकलंत, सहकारी? मी या घरातून बाहेर पडलो आणि गुन्हेगार आत शिरला! म्हणजे तो माझ्या मागावर होता. मी जाण्याची वाट बघत होता. मी असेपर्यंत त्याची हिंमत झाली नाही."

मेहुण्याच्या मनात एक वेगळाच विचार डोकावला होता, पण दाजींच्या तर्कासमोर साधे विचार नेहमी जिन्यातच थांबायचे.

"आणखी एक बघा," मावशी म्हणाल्या. "रोखीचं जे मी हातानं टाकते, भाजी वीस, साबण सहा, ते बरोबर राहतं. बँकेतून आपोआप येतं ते सगळं बिघडतं."

"म्हणजे गुन्हेगाराला रोखीबद्दल आदर आहे," दाजींनी जाहीर केलं. "जुन्या वळणाचा माणूस. शिवाय तो खर्च फुगवतो आणि पेन्शन आटवतो. एकच हात ही दोन्ही कामं करणार नाही. टोळ्या दोन आहेत."

पहिला संशय बसला मांजरावर. ते कीबोर्डावर बसायचं, आणि अठराशेंचा थेट फायदा त्यालाच होता. "हेतू आहे, संधी आहे," दाजी म्हणाले, "आणि चेहरा तर बघा." त्यांनी कीबोर्डावर टाल्कम पावडर शिंपडली, म्हणजे पावलांचे ठसे उमटतील. मग दाजी पडद्यामागे आणि मेहुणा कपाटाशेजारी असे दबा धरून बसले. मांजर आलं. त्यानं पावडर हुंगली, एक शिंक दिली आणि सगळी पावडर उडून पडद्यामागे गेली. नंतरच्या शिंका दाजींच्या होत्या. मांजर तेवढ्यात खिडकीत जाऊन झोपलं. कॉम्प्युटरची दोन बटणं त्या दिवसापासून दाबली की दाबलेलीच राहायला लागली. मावशींनी ओल्या फडक्यानं सगळं पुसलं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मेहुण्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाळी आली प्राण्यांचं खाणं विकणाऱ्या दुकानदाराची. दाजी दुकानात शिरले, काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि म्हणाले, "मांजराच्या खाण्याचे मावशींकडून अठराशे घेतलेत. कबूल?"

"अठरा," दुकानदार म्हणाला. "कार्डानं दिले त्यांनी. ही बघा पावती, अठरा पूर्णांक शून्य शून्य."

"अठरा तरी घेतले ना?"

"घेतले की. फुकट देऊ का?"

दाजी विजयी मुद्रेनं बाहेर आले. "लिहून घ्या. आरोपीनं गुन्ह्याचा शंभरावा हिस्सा कबूल केला. उरलेला रविवारपर्यंत काढतो."

"दाजी, पावतीवर अठराच होते ना?" मेहुणा म्हणाला. "मग बँकेतूनही अठराच येत असणार. म्हणजे बिघाड मावशींच्या कॉम्प्युटरमध्येच आहे. एकदा त्याची सेटिंगं बघूया का? मागच्या वेळी तुम्ही त्याला काही—"

"सेटिंगं!" दाजींनी भर रस्त्यात थांबून त्याच्याकडे बघितलं. "सेटिंगं मेकॅनिक बघतो. गुप्तहेर माणसं बघतो."

आणि त्यांनी माणूस हेरला. रस्ता ओलांडेपर्यंत त्यांचा तिसरा सिद्धांत तयार होता. या सगळ्यात फायदा कुणाचा? खातं कुणाच्या हातात जाणार? सॉफ्टवेअर कुणी घालून दिलं? मुलीनं! तीच लांबून आकडे बदलते, आईला वेडं ठरवते आणि घर गिळंकृत करते. दाजींना हा सिद्धांत इतका आवडला की तो सांगायला ते तसेच मावशींकडे वर गेले.

मावशींनी ऐकून घेतलं. "माझी लेक असं करणार नाही," त्या म्हणाल्या. मग मांजराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "करेल का हो?"

मेहुण्याला त्या क्षणी दाजींचा मनापासून राग आला. आकडे बिघडले होते ते निस्तरायचं राहिलं बाजूला, आणि या माणसानं आता आईच्या मनात लेकीबद्दल किल्मिष घातलं होतं. जिना उतरताना त्यानं ते बोलूनही दाखवलं. "भावना," दाजी म्हणाले, "तपासाच्या आड येतात." मेहुण्याच्या मते दाजींच्या तपासाच्या आड भावना सोडून बाकी सगळंच येत होतं.

रविवारी दाजींनी सगळ्या संशयितांना मावशींच्या बैठकीच्या खोलीत जमवलं. रहस्याचा उलगडा असाच करायचा असतो, असं त्यांनी ठरवून टाकलेलं होतं. दुकानदार दुकान बंद ठेवून आल्यामुळे धुमसत होता. मांजर टेबलावर होतं. मुलगी विमा कंपनीत काम करणारी, नीटनेटकी, दमलेली बाई होती. प्रवासातून थेट आली होती आणि हातात कागदांची फाईल होती. तिनं आईला जवळ घेतलं. मावशी ताठ उभ्या राहिल्या. मुलीच्या ते लक्षात आलं.

"काय झालं, आई?"

"बस," मावशी म्हणाल्या.

"हे कोण आहेत?"

"खाजगी गुप्तहेर," दाजी म्हणाले आणि कोंबड्याचं कार्ड पुढे केलं. "आणि तुम्ही कोण आहात, हे आता सगळ्यांना कळणार आहे."

"मी यांची मुलगी आहे. सगळ्यांना माहीतच आहे."

दुकानदारानं मान डोलावली. दाजी क्षणभर गांगरले, मग त्यांनी खोलीत येरझाऱ्या सुरू केल्या. छत्र्यांपासून सुरुवात करून गुन्हेगारी मनाच्या जडणघडणीवरून ते मुद्द्यावर येत होते. मुलीनं थोडा वेळ ऐकलं. मग ती आईकडे वळली आणि त्यांचं भाषण चालू असतानाच हळू आवाजात म्हणाली, "आई, मला भांडायचं नाहीये. भीती वाटते गं मला. रोज फोन उघडते आणि तुझे पैसे उडालेले दिसतात. तू तिथे एकटी, आणि मी इतकी लांब. उद्या वकिलाची वेळ घेतलीय. फक्त भेट तर घे. थांब, तुझ्या कॅलेंडरमध्ये टाकते."

तिनं कॉम्प्युटर पुढे ओढला, कॅलेंडर उघडलं आणि सवयीनं दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. पडद्यावर मंगळवार उघडला. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा मंगळवार.

"आई, तुझा सोमवार पहिल्या रकान्यात कसा?"

"पहिलाच असतो तो," मावशी म्हणाल्या. आवाजात पहिल्यांदाच जुनी धार आली. "या यंत्रात रविवार आधी होता. असं कधी असतं का? सोमवारी कपडे येणार, शनिवारी द्यायचे, रविवारी दुकान बंद. आधी आराम आणि मग काम, अशानं लाँड्री चालेल होय? जन्मात मी आठवडा रविवारी सुरू केला नाही. म्हणून मागच्या महिन्यात यांना बोलावून सरळ करून घेतला."

खोलीतल्या सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजी गुन्हेगारी मनाच्या जडणघडणीत मध्येच थांबले होते.

"कसा सरळ केलात?" मुलीनं विचारलं.

"ते फार नाजूक काम होतं," दाजी छाती फुगवून म्हणाले. "सामान्य माणूस दिवसचे दिवस शोधत बसला असता. मी एका झटक्यात देशच बदलला."

"काय बदललंत?"

"कॉम्प्युटरचा देश. सेटिंगमध्ये देशांची यादी असते. असा एक थंड हवेचा देश निवडला की जिथे आठवडा सोमवारी सुरू होतो. झेंडाही छान होता."

मुलीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अहो, त्या देशात आकडे उलटे लिहितात! आपण जिथे पॉइंट देतो तिथे ते स्वल्पविराम देतात, आणि आपण हजाराला स्वल्पविराम देतो तिथे ते पॉइंट देतात. बँकेकडून आलं अठरा पॉइंट शून्य शून्य. या यंत्राला तो पॉइंट हजाराचा वाटला, त्यानं तो काढून टाकला. झाले अठराशे. पेन्शन आली एक स्वल्पविराम दोनशे पन्नास. त्याला वाटलं, एक आणि वर पाव."

"सव्वा," मेहुणा म्हणाला.

"आणि मी हातानं टाकते त्यात पॉइंटच नसतो," मावशी सावकाश म्हणाल्या. "वीस म्हणजे वीस."

मुलीनं सेटिंग उघडलं. देश जागच्या जागी आणला, आठवड्याचा पहिला दिवस तेवढा वेगळा सोमवार ठेवला. तशी सोय त्याच पानावर, देशांच्या यादीच्या बरोबर खाली होती. मग बिघडलेल्या नोंदी पुसून बँकेकडून पुन्हा मागवल्या. लाल अक्षरं एकेक करून काळी झाली. मांजर अठरावर आलं, केस तीसवर. सव्वाचे बाराशे पन्नास झाले, आणि मावशींनी चष्मा काढून डोळे टिपले.

"म्हणजे मी ठीक आहे," त्या म्हणाल्या.

मुलीला रडू कोसळलं. "तू सांगत होतीस आणि मी मशीनवर विश्वास ठेवला. चुकलंच माझं, आई."

"माझंही चुकलं. मी तुझ्याबद्दल भलतंच ऐकून घेतलं." मावशींनी आता तिला जवळ घेतलं, नीट, दोन्ही हातांनी, आणि तिच्या खांद्यावरून म्हणाल्या, "ब्लाउज घरी धुतलास ना? शिवणीत साबण राहिलाय."

मेहुण्याला इतकं हायसं वाटलं की त्यानं आपण होऊन मांजर उचललं, आणि मांजरानंही या खेपेला ओरबाडलं नाही.

दाजींनी घसा साफ केला. "माझ्या तपासाची दिशा पहिल्यापासून हीच होती," ते म्हणाले. "गुन्हेगार माझ्या जाण्याच्या वेळीच या घरात होता, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सहकारी साक्षीला आहेत. तो मीच निघावा, हा निव्वळ योगायोग. मीच संशयित, मीच साक्षीदार आणि मीच तपास अधिकारी, असं प्रकरण सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. फीचं म्हणाल तर मागच्या वेळेइतकीच."

"माझं दुकान बंद ठेवलं त्याचं काय?" दुकानदारानं विचारलं. आणि भरपाई म्हणून तो बिस्किटाची बशी जवळ ओढून बसला.

मुलीनं फाईलमधून मुखत्यारपत्र काढलं आणि फाडायला घेतलं. मावशींनी तिचा हात धरला.

"थांब. चांगला कागद आहे, वाया कशाला घालवतेस? नाव कुठे लिहायचं असतं?"

"इथे, वर. पण ही पहिली प्रत आहे, कोरी. तुझं नाव मी अजून घातलेलं नाही. काय लिहिलंय बघ, स्वतःचे व्यवहार स्वतः पाहण्यास असमर्थ असल्यामुळे..."

मावशींनी तो कागद घेतला, नीट चौकोनी घडी घातली, जशी त्या शर्टांची घालत, आणि मेहुण्याच्या हातात दिली.

"ताईला दे तुझ्या," त्या म्हणाल्या. "म्हणावं, मावशींनी पाठवलाय."

दाजी तेव्हा खिडकीशी उभे राहून रस्त्यावरच्या एका छत्रीवाल्याचं वय आणि धंदा ओळखत होते. मेहुण्यानं कागद खिशात ठेवला. घरी पोचल्यावर ताईनं तो उभ्या उभ्या वाचला, फक्त एक प्रश्न विचारला आणि पेन आणायला आत गेली. प्रश्न होता, "मुखत्यार दोघं चालतात का रे? तुझाही पगार काढायचाय."